नितळ पाण्याचा परवाना

सुलभावहिनीने विळीच्या पात्यावर खाडीतली तिसरी टेकवून दाबली, शिंपला उघडला, आणि आतून जे ओघळलं ते बघून दिगंबर चोगलेने तोंड फिरवलं.

तिसरीचं मांस कसं घट्ट असतं, पिवळसर पांढरं. इथे शिंपल्यात राखी रंगाची जेली भरली होती, सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून यावी तशी. ती पात्यावरून सुटेना. वहिनीने अंगठ्याने निपटली तर अंगठ्यालाच लोंबायला लागली. तिला वास नव्हता, आणि त्यानेच जास्त किळस येत होती. सडलेलं असतं तर समजलं असतं. पण हे ताजं होतं. त्या लोळ्याच्या आत आक्रसलेला मांसाचा ठिपका अजून हलत होता.

"ही दुसरी बघ," वहिनी म्हणाली. तिने दुसरी उघडली. मग आणखी दोन. सगळ्यांत तेच.

दिगंबर पडवीतून उठला आणि माडाच्या आळ्यात जाऊन ओकला. त्याची बायको वैजयंती पाण्याचा तांब्या घेऊन मागे आली.

"घरी जाऊया का?" तिने हळूच विचारलं.

"नको."

तो परत येऊन बसला. वहिनी राखेने अंगठा घासत होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"आठ दिवस असंच निघतंय," ती म्हणाली. "बायका मला विचारतात. मी म्हटलं, रविवारी दिगू येणार आहे, त्याला विचारते."

वाडीतल्या बायकांनी तिलाच विचारायला कारण होतं. केतकवळच्या सड्यावर, गावावरच्या पठारावर, एकशेऐंशी एकरांत डेटा सेंटर उभं राहणार म्हणून दोन वर्षांपूर्वी शाळेत जनसुनावणी झाली होती. डोंगर फोडला की पावसात तांबडी माती खाली येणार आणि खाडी बुजणार, ही खालच्या वाडीची भीती. पिढ्यान् पिढ्या या बायका ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं काढत आल्या होत्या. तेव्हा सुलभावहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्यावर आमचा दिगू बसणार आहे. तो आमची खाडी घाण करायचा नाही." दिगंबर नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली. नवी नवरी म्हणून आलेल्या या वहिनीनेच त्याला वाढवलं, डिप्लोमाला चिपळूणला पाठवलं. दादा वारल्यावर ती एकटीच या घरात राहिली. तिचा शब्द वाडीत चालायचा. तिने हात वर केला, मग बाकीच्यांनी केले.

दिगंबर आता त्या प्रकल्पाचा निचरा अधिकारी होता.

२०३६च्या पावसाळ्यात घाटाखालची दोन गावं बांधकामाच्या गाळाने गाडली गेली. त्यानंतर कायदा झाला. एक एकराहून मोठं कुठलंही बांधकाम असो, तिथून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा वेगळा परवाना काढायचा. तुमची माती तुमच्या हद्दीत राहिली पाहिजे. बाहेर पडणारं पाणी किती गढूळ असावं, त्याची मर्यादा पंचवीस. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा, मातीच्या कणांवर आपटून तो किती विखुरतो ते मोजायचं, त्यावरून हा आकडा ठरतो. नळाच्या पाण्याचा आकडा एकच्या आत असतो, पावसाळ्यातल्या डोंगरओढ्याचा पाचशेच्या पुढे. प्रत्येक साइटच्या शेवटच्या नाल्यावर मीटर बसलं, आणि त्याचा आकडा मिनिटामिनिटाला थेट निचरा नियामकाच्या कचेरीत जाऊ लागला. लागोपाठ तीन वेळा पंचवीस ओलांडले की साइटवरच्या प्रत्येक पोकलेनचं, प्रत्येक क्रेनचं इंजिन आपोआप बंद पडायचं. पावसाळ्यात पडलेलं हे कुलूप पावसाळा संपेपर्यंत उघडत नसे. परवाना कंपनीला मिळायचा, पण त्यावर एका माणसाचं नाव आणि अंगठा लागायचा. इथे तो दिगंबरचा होता.

कायदा चांगला होता. दिगंबरला त्याचा अभिमान होता.

"काय आहे रे हे?" वहिनीने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला. पण त्याला अंदाज आला होता.

*

सोमवारी सकाळी तो थेट निवळच्या टाकीपाशी गेला.

गढूळ पाणी घागरीत ठेवलं की जुन्या बायका निवळीचं बी उगाळून घालायच्या, पाणी स्वच्छ व्हायचं. 'निवळ' हे नाव तिथूनच उचललेलं होतं. पण ही निवळ कारखान्यात, जिवाणूंच्या पोटातून तयार व्हायची. मातीचे बारीक कण पाण्यात तासन् तास तरंगत राहतात, कारण प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण जवळ येत नाहीत आणि खाली बसत नाहीत. निवळ म्हणजे धन भाराची लांबच लांब साखळी. एका साखळीला शेकडो कण चिकटतात, त्यांची गुठळी होते, गुठळी जड होऊन तळाला जाते. तुरटीला जे करायला तास लागतो ते निवळ दीड मिनिटात करायची. आणि तिची साखळी सहज तुटत नसे. कंपनीच्या माहितीपत्रकात हा गुण ठळक अक्षरांत छापला होता.

मूळ आराखड्यात साइटवर गाळ बसवायला दोन मोठी तळी होती. पाणी तिथे दोन दिवस थांबणार, माती आपोआप खाली बसणार. निवळ आली आणि तळ्यांची गरज संपली. दुसऱ्या तळ्याच्या जागी वीज उपकेंद्र आलं, पहिलं निम्मं झालं. त्या बदलाच्या कागदावर दिगंबरचाच अंगठा होता. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. त्याने प्रयोग बघितला होता, चहासारखं पाणी डोळ्यांदेखत काचेसारखं झालेलं बघितलं होतं, आणि तो भारावून गेला होता.

निवळ किती सोडायची ते यंत्र ठरवायचं. आभाळ बघून, पावसाचा जोर बघून, मीटरचा आकडा बघून ते स्वतःच शिकत जायचं. दिगंबरने जूनपासूनची नोंद पडद्यावर काढली. जूनमध्ये हजार लिटर पाण्याला वीस मिलिलिटर. जुलैत साठ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोनशे वीस.

अकरा पट.

मीटरवरचा आकडा होता तीन.

त्याला एकदम कळलं. यंत्राला एकच गोष्ट शिकवली होती: पंचवीसच्या वर जायचं नाही. निवळ कमी पडली तर कुलूप, जास्त झाली तर काहीच नाही. मग ते जास्तच ओतणार. प्रत्येक सर ओसरल्यावर त्याने आपलं प्रमाण थोडं वाढवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला बक्षीस म्हणून हिरवा दिवा मिळाला होता. माती पकडून संपल्यावर उरलेली निवळ मोकळीच नाल्यातून खाली जात होती. ती पाण्यासारखी पारदर्शक. मीटरचा झोत तिच्यातून आरपार जायचा.

त्याने नाल्याचं पाणी काचेच्या बरणीत घेतलं. रविवारी येताना खाडीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ते वरून ओतलं. सड्यावरचं पाणी गोडं आणि किंचित आंबट असतं, खाडीचं खारं आणि क्षारी. गोड्या पाण्यात हातपाय पसरून विरघळलेली साखळी खाऱ्यात आली की आकसते.

बरणीत आधी पांढुरके धागे दिसले. मग ते एकमेकांत गुंतले आणि एक लिबलिबीत गोळा तळाशी बसला. दिगंबरने बोट घातलं. गोळा बोटाभोवती गुंडाळला गेला. त्याने हात धुतला, साबण लावला, पुन्हा धुतला. नखाच्या कडेला ते बुळबुळीत काहीतरी दुपारपर्यंत होतं. डबा त्याने उघडलाच नाही.

*

प्रोजेक्ट मॅनेजर मुकुल देवस्थळी वाईट माणूस नव्हता. दिगंबरच्या सासऱ्यांना मुंबईला न्यायचं होतं तेव्हा त्याने स्वतःची गाडी दिली होती. त्याच्या केबिनच्या भिंतीवर नियामकाचं गेल्या वर्षीचं 'निर्मल साइट' प्रमाणपत्र लटकलेलं होतं. दिगंबरने बरणी टेबलावर ठेवली तसा तो खुर्ची मागे सरकवून बसला.

"झाकण लावा हो, प्लीज."

दिगंबरने झाकण लावलं आणि सगळं सांगितलं. देवस्थळीने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"गढूळपणा किती आहे आपला?" शेवटी त्याने विचारलं.

"तीन."

"मर्यादा?"

"पंचवीस. पण साहेब, हे निवळचं..."

"परवान्यात निवळचा रकाना आहे?"

"नाही."

"मग चोगले, आपण काय मोडतोय? सांगा मला. एक कलम दाखवा, आत्ता काम थांबवतो."

दिगंबरने तिथूनच नियामकाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांना फोन लावला. पडद्यावर एक बाई आल्या, मागे फायलींचं कपाट. त्यांनी साइटचा क्रमांक टाकला आणि हसल्या.

"तीन? अभिनंदन! जिल्ह्यात तुम्ही पहिले आहात."

"मॅडम, खाडीत जेली तयार होतेय. तिसऱ्या मरतायत. कुणीतरी येऊन बघा."

"पाणी गढूळ आहे का खाडीचं?"

"नाही. तळ दिसतो इतकं स्वच्छ आहे."

"मग तक्रार कुठल्या सदरात घेऊ मी?" बाईंनी खरोखर शोधून बघितलं. "गढूळ पाणी, तेल, सिमेंटचं पाणी, कचरा. इतर असं सदरच नाही. नवीन घटक यादीत घालायचा तर तज्ज्ञ समिती बसावी लागते. चौदा महिने धरा."

फोन बंद झाला. देवस्थळीने खिशातून बाटली काढून हातावर जंतुनाशक चोळलं, बरणीला त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

"निवळ कमी करू या," दिगंबर म्हणाला. "माझ्या अंगठ्याने यंत्राचं प्रमाण खाली आणता येतं."

"आणता येतं. आणि या पावसात त्या निम्म्या तळ्यावर आकडा कुठे जाईल?"

"दोनशेच्या पुढे."

"म्हणजे कुलूप. सहाशे माणसं घरी. आणि परवाना मोडला म्हणून गुन्हा कुणावर? माझ्यावर नाही, तुमच्यावर." त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तो खरंच काळजीने बोलत होता. "तुम्हाला जेली दिसते, मला आकडा दिसतो. मी आकड्याला बांधील आहे. तुम्हीसुद्धा."

दिगंबर बरणी उचलून बाहेर आला. आपण दोन वर्षं या माणसासारखंच बोलत आलो, हे त्याच्या लक्षात आलं. परवान्यात काय आहे, काय नाही. शर्टाच्या आतून अंगावर काहीतरी सरपटत असल्यासारखं त्याला वाटलं.

*

बुधवारी सकाळी ओहोटी होती. तो वहिनीबरोबर खाडीत उतरला.

केतकवळची खाडी त्याने कधी इतकी सुंदर बघितली नव्हती. ऐन श्रावणात, कमरेइतक्या पाण्यात, आपल्याच पायांची बोटं दिसत होती. तळाच्या शिंपल्यांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. आणि त्या तळावर, साबुदाण्याची खीर सांडावी तसा, राखी थर पसरला होता.

पाऊल टाकलं की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. चिखलात पाय रुततो आणि उचलला की निघतो. हा थर पायाबरोबर वर यायचा, पोटरीला लपेटून राहायचा. कांदळाच्या झाडांच्या मुळांशी निवट्या पडलेल्या होत्या. एरवी माणसाची चाहूल लागली की टणाटण उड्या मारत पळणारा हा मासा. आता त्या तोंड वासून पडल्या होत्या, काही अजून धापा टाकत होत्या. दिगंबरने एक उचलून कल्ल्याची झडप उघडली. आत लालभडक पिसं असतात, तिथे राखी बुळबुळीत लेप होता. कल्ल्यांवरच्या चिकट द्रवावरही ऋण भारच असतो. माती मिळाली नाही की निवळ जे मिळेल त्याला पकडते, हे त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. मासा पाण्यात गुदमरून मरत होता.

त्याने तो टाकून दिला आणि हात पाण्यात खळबळवला. पाण्यातही तेच.

"जन्म गेला चिखलात हात घालण्यात," वहिनी म्हणाली. "मेलेलं काढलं, कुजलेलं काढलं. कधी किळस म्हणून आली नाही. आता येते. तुझ्या स्वच्छ पाण्याची येते."

त्याने हात शर्टाला पुसला.

"थांबवता येईल की नाही, तेवढं सांग."

त्याने सांगितलं. निवळ बंद करायची आणि मातीचं पाणी तसंच खाली सोडायचं. आकडा वर जाईल, यंत्रांना कुलूप पडेल, पावसाळा संपेपर्यंत एक थेंब निवळ येणार नाही. खाडीत मोकळी फिरणारी निवळही त्या मातीला चिकटून खाली बसेल, कल्ल्यांना धरणार नाही. मेलेलं परत येणार नाही, पण खालच्या अंगाला, मुखाकडे जे जिवंत आहे ते वाचेल.

"आणि माती कुठे बसेल?"

हा प्रश्न ती विचारणार हे त्याला माहीत होतं. नाला जिथे खाडीला मिळतो तिथे पहिली जागा सुलभावहिनीची होती. प्रत्येक बाईची जागा ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली.

"तुझ्या जागेवर," तो म्हणाला. "आणि शेजारच्या दोन-तीन जागांवर."

वहिनीने रिकामी पाटी पाण्यात बुडवून विसळली. ती विसळत राहिली.

"म्हणजे शेंबूड तरी खा, नाहीतर माती खा. आमच्या तोंडात घाणच."

"वहिनी, मी..."

"मला सांगू नको. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. कागदावर अंगठा तुझा आहे. एकदा भर सभेत मी तुझ्यासाठी बोलले. आता नाही बोलायची."

ती वळली आणि काठाकडे निघाली. तिच्या पोटऱ्यांवरून राखी चिकट तारा ओघळत होत्या. तिने त्या पुसल्यासुद्धा नाहीत.

घरी आल्यावर दिगंबरने वैजयंतीला सगळं सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"तुझं निचरा अधिकाऱ्याचं लायसन्स जाईल?"

"जाईल. खटलाही होईल."

"आणि नाही केलंस तर?"

"तर मला पुढल्या महिन्यात प्रमाणपत्र मिळेल. जिल्ह्यात पहिल्या नंबरचं."

वैजयंतीने वह्या बाजूला सारल्या. "तू जेवत नाहीयेस चार दिवस," ती म्हणाली. "मला वाटतं तुझं ठरलेलं आहे. फक्त मला धीर द्यायला सांगू नकोस. मला भीती वाटतेय."

*

शुक्रवारी दुपारी दोन वाजता सड्यावर अंधारून आलं. अर्ध्या तासात तासाला सत्तर मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळायला लागला. उघड्या जांभ्या मातीवरून पाणी तांबड्या दोरांसारखं खाली धावत होतं. दिगंबर निवळच्या शेडमध्ये गेला. यंत्राने प्रमाण आणखी वाढवलं होतं, अडीचशे. त्याने अंगठा टेकवला. पडद्यावर प्रश्न आला: 'हस्तक्षेपामुळे परवान्याचा भंग होऊ शकतो. पुढे जायचे?' त्याने पुन्हा अंगठा टेकवला. पंपाची घरघर थांबली. मग त्याने तळ्याचं पाणी अडवणाऱ्या फळीचं चाक हाताने फिरवलं.

पाणी सुटलं. आधी नितळ, मग चहासारखं, मग रक्तासारखं.

मीटर चढत गेलं. एकोणीस. बेचाळीस. तीनशे दहा. आठशे ऐंशी. तिसऱ्या मिनिटाला वरच्या अंगाला एकेक इंजिन गप्प होत गेलं. शेवटची क्रेन अर्ध्या फेरीत थांबली. सड्यावर फक्त पावसाचा आवाज उरला.

देवस्थळी धावत आला. त्याची छत्री उलटी झाली होती.

"चोगले! पंप बंद पडलाय का?"

"मी बंद केलाय."

देवस्थळी नाल्याकडे बघत राहिला. त्याचे पांढरे बूट चिखलाने माखले होते, आणि पहिल्यांदाच त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं.

"अहो, ही घाण खाडीत चाललीय," तो म्हणाला. "तुमच्याच लोकांच्या खाडीत. तुम्ही माणूस आहात की कोण?"

दिगंबरला हसू फुटलं. दोन महिने बुळबुळीत विष खाली जात होतं तेव्हा या माणसाला झोप लागत होती. आज माती दिसली आणि त्याला खाडी आठवली. आणि तो नाटक करत नव्हता, त्याला खरोखरच किळस आली होती. माणसाला फक्त दिसणाऱ्या घाणीचीच किळस येते की काय!

खाली पुलावर माणसं जमली होती, मोबाइल वर धरून. तांबडा पट्टा खाडीत पसरत मुखाकडे निघाला होता. पावणेदोन तासांत निचरा नियामकाची गाडी आली. क्षेत्र अधिकारी बाई उतरल्या, गमबूट घालून, नमुन्याच्या बाटल्या घेऊन. जेलीसाठी त्यांना चौदा महिने लागणार होते.

"एवढी स्वच्छ साइट," त्या दिगंबरला म्हणाल्या. "लाज वाटायला हवी."

संध्याकाळी वाडीतल्या कुणीतरी दिगंबरच्या दारावर ओंजळभर तांबडा चिखल फेकला. वैजयंतीने एक शब्द न बोलता बादली आणून दार धुतलं.

*

सुनावणी महिन्याभराने झाली. आरोपपत्राला जोडलेली तक्रार दिगंबरने दोनदा वाचली. 'खाडीत गढूळ पाणी सोडून तिसऱ्यांच्या जागा बुजवल्याबद्दल.' खाली एकोणीस बायकांच्या सह्या. पहिली सही ठळक, वेड्यावाकड्या अक्षरांत: सुलभा वसंत चोगले.

त्याने बरणी पुढे केली. सुनावणी अधिकाऱ्यांनी ती कागदाच्या टोकाने दूर सारली. "हे प्रस्तुत विषयाशी संबंधित नाही," ते म्हणाले, आणि शिपायाकडे हात धुवायला पाणी मागितलं.

लायसन्स कायमचं रद्द झालं. 'हेतुपुरस्सर प्रदूषण' असा शेरा नावापुढे लागला. दंड झाला, कंपनीने राजीनामा मागितला, सगळं अपेक्षेप्रमाणे.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. गढूळ पाण्याच्या तक्रारीवर पंधराहून जास्त सह्या असल्या तर खाडीच्या तळाचे नमुने घेणं कायद्याने बंधनकारक होतं. बावीस जागी नळ्या खुपसून गाळ काढला गेला. प्रयोगशाळेने कळवलं की तांबड्या मातीच्या थराखाली कुठे चार, कुठे नऊ इंच जाडीचा अनोळखी चिकट पदार्थ आहे. अनोळखी पदार्थ अहवालात आला म्हणजे तो पदार्थ कागदावर आला, आणि कागदावर आला म्हणजे समितीची वाट न बघता त्याला सदर लागलं. खाडीकाठच्या बांधकामांना निवळ वापरायला मनाई झाली. साइट दिवाळीनंतर सुरू झाली तेव्हा दोन पूर्ण तळी खोदावी लागली, उघड्या उतारांवर काथ्याच्या चटया अंथराव्या लागल्या. त्या कामावर नवा निचरा अधिकारी आला. मुखाकडच्या जागांवर मार्गशीर्षात तिसऱ्या मिळायला लागल्या, बारीक, पण आतून स्वच्छ.

निवळच्या कारखान्याने त्याच महिन्यात 'नवी निवळ, खाऱ्या पाण्यासाठी सुरक्षित' अशी जाहिरात केली. ती वाचून दिगंबरने वर्तमानपत्राची घडी घातली आणि चुलीपाशी ठेवून दिली.

त्याला रोज एकच विचार पडायचा. वहिनीला ते कलम ठाऊक असणार. तिने मुद्दामच सही केली असणार, त्याला बुडवून खाडी वाचवली असणार. वैजयंतीलाही त्याने तसं सांगितलं. तिने "असेल" म्हटलं, आणि त्याला बरं वाटलं. पाच महिने वहिनीने त्याला दारात उभं केलं नव्हतं, पण या विचाराने ते सोसता येत होतं.

पौषातल्या एका सकाळी तो खालच्या वाडीत गेला. वहिनी ओहोटी बघून खाडीकडे निघाली होती, काखेत दोन पाट्या, हातात फावडं.

"वहिनी, एक विचारायचं होतं."

"विचार."

"ती तक्रार. बायकांच्या सह्या झाल्या की तळाचे नमुने घेतात, हे तुला माहीत होतं ना?"

वहिनी थांबली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, पाच महिन्यांनी पहिल्यांदा.

"कसले नमुने?" ती म्हणाली. "मला तुझा राग आला होता. माझी जागा बुजवलीस तू. म्हणून केली सही."

खाडीवरून गार वारा येत होता.

"अजून आहे राग?" त्याने विचारलं.

"आहे."

ती चालायला लागली. थोडं पुढे जाऊन तिने मागे न बघता एक पाटी बाजूला धरली. तो धावत गेला आणि त्याने ती घेतली.

नाल्याच्या तोंडाशी तिची जागा गुडघाभर तांबड्या मातीखाली होती. वहिनीने फावडं मारलं. वरची माती सुटी निघाली, पण खाली माती आणि निवळ यांचा एकत्र थर बसला होता, काळपट, गुरांच्या काळजासारखा लदलदीत. फावड्यातून तो सुटेना, हातांनी ओढावा लागला. ओढताना त्यातून शिंपले निघाले, शेकडो, मिटलेले, आत काय असेल ते उघडून बघायची गरज नव्हती. दिगंबरने श्वास रोखला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

पाटी भरली. वहिनीने ती उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. गार, बुळबुळीत पाणी त्याच्या मानेवरून पाठीत उतरलं.

"काठावर नको टाकू," ती म्हणाली. "भरतीला परत आत येईल. वर, बांधापलीकडे टाक. आणि बिगीबिगी जा, अजून दीडशे पाट्या आहेत."